अक्षरे मोजणारा वास्तुविशारद : आल्फ्रेड बट्स

जयनगर (बंगळुरू), १३ एप्रिल : हाती आलेल्या सात विस्कळीत इंग्रजी अक्षरांतून अर्थपूर्ण शब्द शोधायचा, पटावर आधी मांडलेल्या शब्दांशी तो जुळवायचा आणि गुण मिळवायचे. ‘स्क्रॅबल’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आज जगभरातील घरांत, शाळांत आणि स्पर्धांत रुळला आहे. त्याचे जनक, अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स यांचा आज जन्मदिन. या खेळाचे चाहते १३ एप्रिल हा दिवस स्क्रॅबल दिन म्हणून पाळतात. खेळाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ज्याने बेकारीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या पानांवरील एकेक अक्षर मोजून हा खेळ घडविला, त्या माणसाचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

बंगळुरूच्या जयनगरात या खेळाची आठवण काढण्यास एक निमित्त आहे. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वोडेयार यांच्या नावाने वसविलेल्या या आखीव वसाहतीची पायाभरणी १९४८ साली झाली. त्याच वर्षी अमेरिकेत बट्स यांच्या खेळाला त्याचे आजचे नाव मिळाले. हा निव्वळ योगायोग. परंतु क्रमांक घातलेले ब्लॉक, ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा आडव्या-उभ्या रस्त्यांनी बांधलेल्या या भागाप्रमाणेच बट्स यांचा पटही आडव्या-उभ्या घरांचा आहे आणि तोही एका आराखडा काढणाऱ्या माणसाच्या हातून उतरला आहे. शिवाय कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी कुटुंबे ज्या शहरात शेजारी राहतात, तेथे इंग्रजी अक्षरांचा हा खेळ कोणाच्याच घरच्या भाषेचा नसल्यामुळे सर्वांना समान पातळीवर आणतो.

आल्फ्रेड बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या गावी झाला. वडील वकील होते, तर आई शाळेत शिकवीत असे. गावातील शालेय शिक्षण १९१७ मध्ये पूर्ण करून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ साली वास्तुशास्त्राची पदवी घेतली. रेखांकनाची त्यांना मनापासून आवड होती. पुढे त्यांच्या सहा चित्रकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतल्या. पदवीनंतर न्यूयॉर्कमधील वास्तुविशारदांच्या एका कार्यालयात त्यांना नोकरी मिळाली आणि नीना या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स या वस्तीत त्यांनी संसार मांडला. एका सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसाचे आयुष्य सरळ रेषेत चालले होते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि ती रेषा तुटली. मंदीच्या काळात नवी बांधकामे थांबली. घरेच बांधली जात नसतील तर घरांचे आराखडे कोणाला हवेत? १९३१ मध्ये बट्स यांची नोकरी गेली. त्यांनी चित्रे काढून पाहिली, लेखन करून पाहिले; पण त्यातून पोट भरण्याइतके काही हाती लागले नाही. मग त्यांचे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेले. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, परंतु वेळ मात्र भरपूर होता. घरबसल्या खेळता येईल असा चांगला खेळ निघाला तर त्याला मागणी येईल, असा त्यांनी हिशेब केला.

प्रचलित खेळांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांचे तीन गट पाडले. पहिला गट बुद्धिबळासारख्या, सोंगट्या हलविण्याच्या खेळांचा. दुसरा पत्ते आणि फासे यांसारख्या, आकड्यांवर चालणाऱ्या खेळांचा. तिसरा अक्षरांच्या खेळांचा. पहिल्या गटात सारा भार कौशल्यावर असतो, त्यामुळे नवशिक्याला जिंकण्याची आशाच उरत नाही. फाशांच्या खेळात सारे दैवाच्या हाती असते, त्यामुळे जाणकाराचा रस संपतो. अक्षरांच्या खेळांत मात्र दोहोंचा मेळ घालता येईल असे त्यांना वाटले. अक्षरे कोणती यावीत हे नशिबाने ठरावे आणि त्यांतून शब्द कोणता काढावा हे बुद्धीने ठरावे, ही त्यांची मूळ कल्पना. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात डिसेंबर १९१३ मध्ये आर्थर विन यांचे शब्दकोडे छापून आल्यापासून अमेरिकेत शब्दकोड्यांचे वेड पसरले होते. तरीही अनेकांनी मिळून खेळावा असा, गुण मोजता येणारा, अक्षरांचा खेळ जवळपास नव्हता.

येथे एक अडचण होती आणि तिच्या उत्तरातच या खेळाचे यश दडले आहे. इंग्रजीत सव्वीस मुळाक्षरे आहेत. प्रत्येकाच्या सारख्याच सोंगट्या केल्या तर खेळ चालणारच नाही. कारण ‘ई’ जवळजवळ प्रत्येक ओळीत भेटते, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ क्वचित दिसतात. कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या हव्यात, हे अंदाजाने ठरवून भागणार नव्हते. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द गोल्ड बग’ या कथेत एक पात्र गुप्त लिपीतील मजकूर उलगडते, ते अक्षरे किती वेळा येतात हे मोजून. हीच युक्ती बट्स यांनी उलट्या दिशेने वापरली. भाषेतील अक्षरांचे प्रमाण शोधायचे आणि त्याच प्रमाणात सोंगट्या घडवायच्या.

छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांना ही गोष्ट पूर्वापार ठाऊक होती. वारंवार लागणाऱ्या अक्षरांचे खिळे जास्त ओतून घ्यावे लागतात आणि ते हाताशी ठेवावे लागतात, हे कोणताही जुळारी सांगू शकला असता. परंतु खेळासाठी ही मोजदाद नेमकेपणाने करणे हे नवे होते. बट्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’सह काही वर्तमानपत्रे आणि नियतकालिके समोर घेतली आणि त्यांतील अक्षरे हाताने मोजण्यास प्रारंभ केला. शब्दांची लांबी, स्वर आणि व्यंजनांचे प्रमाण, प्रत्येक अक्षराची वारंवारता अशा नोंदी चौकटी आखलेल्या कागदांवर उतरू लागल्या. त्या काळी संगणक नव्हते. होती ती पेन्सिल, बेकारीतला वेळ आणि वास्तुविशारदाची चिकाटी.

या मोजणीतून सिद्ध झालेल्या खेळाला त्यांनी आधी ‘लेक्सिको’ असे नाव दिले. त्यात पट नव्हता. खेळाडूंनी अक्षरे उचलावीत, अदलाबदल करीत लांब शब्द जुळवावा, असे त्याचे स्वरूप होते. आराखडे छापण्याच्या पद्धतीने त्यांनी अक्षरे छापली, लाकडाच्या पातळ तुकड्यांवर डकविली आणि घरीच संच तयार केले. खेळणी बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे त्यांनी खेळ पाठविला. साऱ्यांनी तो परत केला. १९३४ च्या मध्यापर्यंत ऐंशीच्या आसपास संच विकले गेले आणि हिशेब केल्यावर हाती नफा नव्हे, तर थोडा तोटाच आला. पेटंटसाठी केलेला अर्जही फेटाळला गेला.

एखाद्याने हा नाद तेथेच सोडला असता. बट्स यांना १९३५ च्या सुमारास पूर्वीच्या क्षेत्रातच पुन्हा नोकरी मिळाली. निर्वाहाची निकड संपली, तरीही खेळात सुधारणा करण्याचे त्यांनी थांबविले नाही. १९३८ मध्ये त्यांनी शब्दकोड्याच्या चौकटीची कल्पना उचलली आणि पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरांचा पट आखला. खेळाडूच्या हाती एका वेळी सात अक्षरे आली. काही घरे गुण दुप्पट-तिप्पट करणारी ठरली. आता शब्द सुटा राहिला नाही. तो इतरांच्या शब्दांना छेदून, त्यांच्याशी जुळवून घेऊन मांडावा लागू लागला. प्रतिस्पर्ध्याच्या शब्दाविना आपला शब्द उभा राहत नाही, हे या खेळाचे वैशिष्ट्य पटामुळे आले. या रूपाला त्यांनी ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ असे नाव दिले.

सोंगट्यांची संख्या शंभर ठरली. त्यांपैकी ‘ई’च्या बारा, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी नऊ, ‘ओ’च्या आठ, ‘एन’, ‘आर’ आणि ‘टी’च्या प्रत्येकी सहा. ‘जे’, ‘के’, ‘क्यू’, ‘एक्स’ आणि ‘झेड’ची केवळ एकेक सोंगटी, तर दोन सोंगट्या कोऱ्या, कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. सोपे अक्षर असेल तर एक गुण, ‘जे’ आणि ‘एक्स’ला आठ, ‘क्यू’ आणि ‘झेड’ला दहा. एका ठिकाणी मात्र बट्स यांनी आपल्याच मोजणीला बाजूला सारले. इंग्रजीत ‘एस’ हे अक्षर भरपूर येते. परंतु ते शब्दाच्या शेवटी जोडले की अनेकवचन होते आणि दुसऱ्याच्या शब्दावर आयते गुण मिळतात. म्हणून ‘एस’च्या सोंगट्या त्यांनी चारच ठेवल्या. आकडेवारी कोठे मानायची आणि कोठे मोडायची, याची ही जाण केवळ मोजण्याने येत नाही. वर्षानुवर्षे खेळून येते.

हे खेळून पाहण्याचे काम घरात आणि शेजारात चालले. जॅक्सन हाइट्समधील कम्युनिटी मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात शेजारीपाजारी जमत आणि बट्स यांच्या नव्या नियमांची परीक्षा होई. या कहाणीतील गमतीची बाब अशी की, स्वतः बट्स यांचे इंग्रजी शुद्धलेखन बेताचेच होते. पत्नी नीना त्यांच्याहून सरस खेळत. शब्दांचा जगप्रसिद्ध खेळ भाषापंडिताने नव्हे, तर प्रमाणबद्धतेची दृष्टी असलेल्या एका आराखडाकाराने घडविला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कंपन्यांचे नकार चालूच होते. अखेर बट्स यांच्या हस्तनिर्मित संचांपैकी एक ज्यांच्याकडे होता, त्या जेम्स ब्रुनो यांनी खेळ बाजारात आणण्याची तयारी दाखविली. ब्रुनो कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन परिसरात राहत. प्रत्येक विक्रीमागे बट्स यांना ठरावीक मानधन द्यायचे, या अटीवर १९४८ मध्ये करार झाला. ब्रुनो यांनी जादा गुणांच्या घरांची मांडणी बदलली, नियम सुटसुटीत केले आणि सातही सोंगट्या एकाच खेळीत लावणाऱ्यास पन्नास गुणांचे बक्षीस ठेवले. ‘स्क्रॅबल’ हे नावही त्यांचेच; धडपडत, चाचपडत शोधणे असा त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. बट्स यांनी ठरविलेले अक्षरांचे प्रमाण आणि गुण यांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

पहिली वर्षे तोट्याची गेली. १९४९ मध्ये ब्रुनो दांपत्याने सुमारे २,४०० संच बनविले आणि ४५० डॉलर गमावले. १९५२ मध्ये चित्र एकाएकी पालटले. न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ या भव्य दुकानाचे प्रमुख सुट्टीवर असताना हा खेळ खेळले, परतल्यावर आपल्याच दुकानात तो नाही हे पाहून त्यांनी मोठी मागणी नोंदविली, असे सांगतात. मागणी इतकी वाढली की ब्रुनो यांना ती पेलवेना. ‘सेल्चो अँड रायटर’ या कंपनीने पूर्वी हा खेळ नाकारला होता. आता तिनेच उत्पादनाची जबाबदारी घेतली. १९५४ या एका वर्षात जवळपास ४० लाख संच खपले. पहिल्या कल्पनेपासून या यशापर्यंत दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता आणि बट्स पंचावन्न वर्षांचे झाले होते.

बट्स यांना प्रत्येक संचामागे काही सेंट मिळत. त्यातून ते कोट्यधीश झाले नाहीत, पण सुखवस्तू झाले. कुटुंबाचे स्टॅनफर्डव्हिल येथील जुने घर त्यांनी पुन्हा मिळविले. त्यांनी नोकरी चालू ठेवली, चित्रे काढली आणि प्रसिद्धीपासून दूर राहिले. उतारवयात त्यांनी आणखी एक खेळ तयार केला. त्याला पहिल्यासारखे यश लाभले नाही. ४ एप्रिल १९९३ रोजी, चौऱ्याण्णवावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला असताना, न्यूयॉर्क राज्यातील राइनबेक येथे त्यांचे निधन झाले. जॅक्सन हाइट्समध्ये, त्या चर्चजवळच्या चौकात, रस्त्याच्या नावाच्या फलकावर प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण लिहून त्यांची स्मृती जपण्यात आली आहे.

त्यांच्या मागे खेळ वाढत राहिला. १९९१ मध्ये लंडनला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. २००७ मध्ये हा मान मुंबईला मिळाला आणि न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स तेथे विजेते ठरले. याच रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतील अजिंक्यपदही पटकावले. आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्दांचे अर्थ नव्हे, तर अक्षरांचे आकृतिबंध त्यांनी स्मरणात साठविले होते.

सात वेगवेगळी अक्षरे हाती असतील तर ती ५,०४० प्रकारे मांडता येतात. इतक्या मांडण्या कोणी एकेक करून तपासत नाही. अनुभवी खेळाडू अक्षरे आधी वर्णक्रमाने लावतात. ‘रि’, ‘अन’ यांसारखे उपसर्ग आणि ‘इंग’, ‘एर’ यांसारखे प्रत्यय वेगळे काढून पाहतात. स्वर आणि व्यंजन यांचा तोल सांभाळतात. ‘ए’, ‘ई’, ‘आय’, ‘एन’, ‘आर’, ‘एस’, ‘टी’ ही सात अक्षरे एकत्र आली की जाणकाराला ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’ असे शब्द झटकन दिसतात. ही सातही अक्षरे एकेका गुणाची, म्हणजे बट्स यांच्या मोजणीत सर्वाधिक भेटलेल्यांपैकी. सामान्य अक्षरांतूनच पन्नास गुणांचे बक्षीस मिळण्याची शक्यता अधिक असते, ही या रचनेतील खुबी.

इंग्रजी शब्दसंग्रहात भारतीय भाषांचेही देणे आहे. साडी, रोटी, लाख, कोटीसाठीचा ‘क्रोर’ हे शब्द स्पर्धांसाठी मान्य असलेल्या कोशात आहेत. मुंगसासाठीचा इंग्रजी शब्द ‘मंगूस’ तर मराठीतूनच तिकडे गेला. इंग्रजीत आठ अक्षरांचा हा शब्द पटावरील एखाद्या अक्षराला हातातील सात जोडून लावता आला, तर अक्षरांचे अकरा आणि वर बक्षिसाचे पन्नास गुण होतात.

मराठी वा कन्नड भाषेसाठी असाच खेळ करायचा तर बट्स यांचे आकडे उपयोगी पडणार नाहीत, त्यांची रीत मात्र पडेल. प्रत्येक भाषेचे प्रमाण वेगळे असते. इंग्रजीत दहा गुणांचे असलेले ‘झेड’ पोलिश भाषेत एका गुणाचे आहे, कारण तेथे ते पदोपदी येते. आपल्या लिप्यांत तर प्रश्न आणखी खोल आहे. मराठीची बाराखडी काय किंवा कन्नडची कागुणित काय, दोन्हींत स्वर व्यंजनाच्या अंगावर चिन्ह होऊन बसतो. ‘क’, ‘कि’ आणि ‘की’ यांच्या तीन सोंगट्या करायच्या, की काना-वेलांटीच्या वेगळ्या? जोडाक्षराला किती घरे द्यायची? या प्रश्नांची उत्तरे तर्काने मिळणार नाहीत. त्यासाठी कोणाला तरी मराठी दैनिकाचे पहिले पान समोर घेऊन मोजायला बसावे लागेल.

बट्स यांनी नेमके तेच केले होते. आज संगणक क्षणार्धात लाखो पानांतील अक्षरे मोजू शकतो. दिलेल्या अक्षरांतून होणारे सारे शब्द एका कळीसरशी पडद्यावर उमटतात आणि स्पर्धांचा मान्य कोश पावणेतीन लाख शब्दांच्या पुढे गेला आहे. तरीही इंग्रजी पटावर ‘ई’च्या बारा आणि ‘एस’च्या चारच सोंगट्या आहेत. १९३८ मध्ये ठरलेले ते प्रमाण सुमारे नऊ दशके टिकून आहे. बेकार झालेल्या एका माणसाने सक्तीच्या रिकामपणाचा असा उपयोग केला की त्याच्या मोजणीवर जगभरचे लोक आजही विसंबून खेळतात, आणि बहुतेकांना ती मोजणी कोणी केली याची कल्पनाही नसते.